कठीण वर्षाची नोंद कशी लिहावी

२०२१ साली आपल्या घरात नेमके काय घडले, हे आठवायला आम्ही चौघे बसलो, तेव्हा चौघांच्या तारखा चार निघाल्या. काका आजारी पडले ते पाडव्याआधी की पाडव्यानंतर, शेजारून डबे किती दिवस येत होते, चिपळूणला मावशीच्या घरात पाणी शिरले तेव्हा काकू पुण्यात होत्या की माहेरी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर जुळेना, आणि प्रत्येक जण मात्र आपल्या उत्तराबद्दल ठाम होता. त्यानंतर मी त्या वर्षाची रीतसर नोंद लिहायला घेतली. तिला जवळजवळ चार महिने लागले. असे काम कसे करावे आणि त्यात कोठे चुकते, हे ज्यांना आपल्या घरच्या एखाद्या अवघड वर्षाबद्दल लिहायचे आहे त्यांच्यासाठी येथे मांडत आहे. उदाहरणे आमच्या घरची आणि २०२१ ची आहेत. पद्धत दुसऱ्या वर्षालाही चालेल.

आठवणीआधी कागद

पहिला नियम असा की, लिहायला बसण्यापूर्वी आठवू नये. हे विचित्र वाटेल, परंतु कठीण वर्षाची आठवण आपल्याकडे कधीच कोरी येत नाही. दोष कोणाचा आणि उशीर कोणामुळे, हे तिने आधीच ठरवून टाकलेले असते, आणि तारखा त्या निकालाला सोयीच्या होतील अशा सरकवलेल्या असतात. म्हणून आधी तारीख असलेले कागद गोळा करावेत आणि ते क्रमाने लावून होईपर्यंत वहीत एकही वाक्य लिहू नये.

सर्वांत उपयोगी कागद बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतो. कॅलेंडरवर दुधाचे आकडे, कामाच्या बाईंचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, पाहुणे येणार असल्याची खूण, असे सगळे कोणाला दाखवण्यासाठी नव्हे तर महिनाअखेरच्या हिशेबासाठी लिहिलेले असते, आणि म्हणूनच ते विश्वासाचे असते. आमच्याकडे २०२१ चे कॅलेंडर वाचले ते केवळ काकूंना जुन्या कॅलेंडरच्या पानांनी फडताळाचे कप्पे मढवण्याची सवय आहे म्हणून. एप्रिलचे पान पिठाच्या डब्याखाली मिळाले. त्यावर १९ तारखेपर्यंत रोज ‘१॥’ असा दुधाचा आकडा आहे, २० ते ३० या अकरा चौकटी कोऱ्या आहेत, आणि मेच्या पानावर १ तारखेपासून ‘१’ आहे. काका २७ एप्रिलला गेले. त्या चौकटीत छापलेल्या हनुमान जयंतीखेरीज काहीही नाही. घरातले माणूस कमी झाल्याची कॅलेंडरवरची एकमेव नोंद म्हणजे तो कमी झालेला अर्धा लिटर.

गॅसच्या तारखांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण त्या आवर्जून पाहाव्यात. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि प्रत्येक घरात तो किती दिवस पुरतो याचा अंदाज ठरलेला असतो. आमच्याकडे तो साधारण अडतीस ते चाळीस दिवस चालतो. १० मे रोजी लावलेला सिलिंडर मात्र १२ जुलैपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट दिवस चालला. ‘डबे आठ-दहा दिवस आले, मग आम्ही आमचे शिजवू लागलो,’ असे आम्ही सगळेच सांगत होतो. ते खरे नव्हते. मे आणि जूनचा बराच काळ आमच्या घरची चूल जेमतेम चहापुरती पेटत होती आणि आम्ही शेजाऱ्यांचे अन्न खात होतो. हे कळल्यावर मला थोडी लाज वाटली, कारण त्या डब्यांबद्दल आम्ही कोणाचे नीट आभारही मानले नव्हते.

कॅलेंडर नसेल तर बँकेचे पासबुक, विजेची बिले, गॅस नोंदणीचे संदेश, औषधांच्या दुकानाची बिले आणि लसीकरणाची प्रमाणपत्रे यांवरून पुष्कळ काम भागते. औषधाच्या दुकानातले बिल उष्णतेने छपाई होणाऱ्या गुळगुळीत कागदावरचे असेल, तर सापडताच त्याचा फोटो काढून घ्यावा, कारण त्यावरची अक्षरे पुसट होत जातात. जपून ठेवायचे म्हणून त्याला लॅमिनेशन मात्र करू नये, त्या उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो. फोनमधल्या फोटोंवर विसंबताना एक लक्षात ठेवावे, की व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवर तो आपल्याकडे आल्याची तारीख असते, काढल्याची नव्हे.

घरात मृत्यू झाला असेल तर एक फाइल आपोआप तयार झालेली असते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते, त्यामुळे दाखला लवकर निघतो; शिवाय कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याचा निर्णय २०२१ च्या अखेरीस झाला, तेव्हा अनेक घरांनी अहवाल, रुग्णालयाची कागदपत्रे आणि दाखला एकत्र करून ठेवला. ती फाइल उघडणे जड जाते. मी ती सर्वांत शेवटी उघडली आणि तसे करणे चूक ठरले, कारण आधी लिहिलेली सात पाने त्यामुळे पुन्हा लिहावी लागली.

दोन वर्षे वेगळी करणे

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे लोकांच्या बोलण्यात आता एक झाली आहेत. ‘लॉकडाऊनमध्ये’ असे म्हटले की ते कोणत्या वर्षीचे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. अशा वेळी सणांची मदत घ्यावी, कारण आपण महिन्यांपेक्षा सण चांगले लक्षात ठेवतो. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातल्या टाळेबंदीचा तोच पहिला दिवस होता. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला रात्री आठपासून, महाराष्ट्रात नव्याने संचारबंदी लागू झाली. म्हणजे दोन्ही पाडव्यांना टाळेबंदी खेटून आहे आणि घोटाळा होणे साहजिक आहे. ‘गुढीला बाजारचा हार मिळाला होता का?’ असा प्रश्न विचारला की बहुतेकांना वर्ष ओळखता येते. गणपती २०२० मध्ये २२ ऑगस्टला बसले आणि २०२१ मध्ये १० सप्टेंबरला. आषाढी वारीचा मात्र या कामी उपयोग नाही, कारण पालख्या दोन्ही वर्षी एसटी बसनेच पंढरपूरला गेल्या.

लस हा दुसरा भक्कम खुंटा आहे. लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मार्चपासून साठीवरच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. एखाद्या आठवणीत ‘काकांचा पहिला डोस झाला होता’ असे आले की ती निश्चितपणे दुसऱ्या वर्षाची. मंदिरांचेही तसेच आहे: २०२० मध्ये ती दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली, पुढे पुन्हा बंद झाली आणि २०२१ मध्ये ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. काकू ज्या देवीला जाऊन आल्या ती कोणत्या वर्षीची, याचा वाद आमच्याकडे ओटीच्या साडीवरून सुटला, कारण ती साडी काकांच्या तेराव्याला माहेरून आलेली होती.

डावे पान, उजवे पान

कागद लागल्यावर एक मोठी, रेघांची, शिवलेल्या बांधणीची वही घ्यावी. डाव्या पानावर घर आणि उजव्या पानावर बाहेरचे जग, अशी विभागणी करावी, आणि प्रत्येक आठवड्याला एक जोडपान द्यावे. काही आठवड्यांना डावे पान भरून वाहील आणि काहींना दोन ओळींच्या वर काही मिळणार नाही. ते तसेच राहू द्यावे, कारण वर्ष घडले तेव्हाही ते सारख्या मापाने घडलेले नव्हते.

उजव्या पानावर काय घ्यावे, हा खरा अवघड प्रश्न आहे. वर्तमानपत्रांच्या वर्षअखेरच्या अंकांतून यादी उतरवून काढण्याचा मोह होतो, आणि मीही आधी तेच केले. सुएझ कालव्यात अडकलेले जहाज, काबूल, कृषी कायद्यांची माघार, सगळे उतरवले. परिणाम असा झाला की पान भारदस्त दिसू लागले आणि त्याचा डाव्या पानाशी काही संबंध उरला नाही. मग मी एक चाळणी लावली, आणि तीच इतरांनाही सुचवतो: त्या बातमीमुळे त्या दिवशी आपल्या घरात काही बदलले का? कोणी फोन केला का, कोणी बाहेर पडायचे थांबले का, टीव्ही बंद झाला का, खर्च वाढला का? उत्तर ‘होय’ असेल तरच ती बातमी उजव्या पानावर यावी, मग जगाच्या हिशेबात ती लहान असो वा मोठी.

या चाळणीतून जे उरले ते असे. महाराष्ट्रात त्या एप्रिलमध्ये दिवसाला साठ हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते. हा आकडा आमच्याकडे आला तो पलंग शोधताना केलेल्या फोनच्या रूपाने. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवशी काका ऑक्सिजनवर होते. बातमी लागताच काकूंनी उठून टीव्हीचा स्विचच काढला आणि पुढे गणपतीपर्यंत तो लावला नाही. अपवाद एकच, ७ ऑगस्टची संध्याकाळ, जेव्हा टोकियोत नीरज चोप्राच्या भाल्याने सुवर्णपदक मिळवले आणि चुलतभावाने तो पाहण्यासाठी टीव्ही लावून दिला. एप्रिलनंतर आमच्या घरात कोणी मोठ्याने ओरडले ते त्या संध्याकाळी. २९ मे रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली, ही बातमी पुण्यातल्या रिक्षाच्या भाड्यावरून झालेल्या एका भांडणाच्या निमित्ताने वहीत आली. दहावीची परीक्षा रद्द झाली तो निर्णय मी कितीतरी दिवस वहीत घेतला नव्हता, कारण आमच्याकडे दहावीला कोणी नव्हते. मग लक्षात आले की डबा घेऊन येणारा मुलगा दहावीचा होता आणि परीक्षा नसल्यामुळेच तो रोज येऊ शकत होता.

२२ जुलैचा चिपळूणचा पूर दोन्ही पानांवर येतो. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी आदल्या रात्रीपासून चढत गेले आणि पहाटेपर्यंत बाजारपेठेतल्या घरांचे तळमजले बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, आणि घाटमाथ्यावर महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मावशी माडीवर होती. तिचा फोन सकाळी सव्वासातला लागला, त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागला नाही. इतके मोठे संकट एका बाजूला आणि आमच्या घरातली ती एकोणतीस-तीस तासांची वाट पाहणे दुसऱ्या बाजूला, असे लिहिताना सुरुवातीला संकोच वाटला. परंतु पुराचा हिशेब इतरत्र होईल. त्या तासांत काकूंनी तीन वेळा भाजी फोडणीला टाकून तीनही वेळा करपवली, हे आपण लिहिले नाही तर कोणीच लिहिणार नाही.

नको असलेली तारीख

आता या कामातला सर्वांत अवघड भाग. कागद लावता लावता कधीतरी अशी एक तारीख समोर येते की जी आपल्या आठवणीला खोटे पाडते. आमच्या बाबतीत ती लॅबच्या अहवालावर होती. ‘अहवाल यायला पाच दिवस लागले, नाहीतर काका वाचले असते,’ हे वाक्य आम्ही सर्वांनी, अगदी भेटायला आलेल्या प्रत्येकाला, वर्षभर सांगितले होते. अहवालावर नमुना घेतल्याची वेळ १७ एप्रिल, सकाळी ११.४० अशी आहे आणि अहवाल १९ तारखेला संध्याकाळी तयार झालेला आहे. तापाच्या गोळ्यांचे बिल मात्र १४ तारखेचे आहे. लॅबने अडीच दिवस घेतले, तेही त्या गर्दीत. आधीचे तीन दिवस आमचे होते.

अशा वेळी काय करावे? पहिली गोष्ट, तारीख लगेच वहीत लिहावी, त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी ती न लिहिण्याची कारणे सुचू लागतात. दुसरी, तिच्यापुढे स्पष्टीकरण लिहू नये. ‘पण तेव्हा परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य खरे असले तरी ते डाव्या पानावरचे नाही. त्यासाठी उजवे पान आहे. मी उजवीकडे एवढेच लिहिले, की १४ तारखेला रात्री आठला संचारबंदी लागू झाली, दवाखाने आणि लॅब तिच्यातून वगळलेले होते, आणि आमची समजूत मात्र सगळे बंद असल्याची होती. त्याखाली, ‘ऊन लागले असेल,’ हे काकांचे स्वतःचे शब्द लिहिले. दोन पाने समोरासमोर असली की वाचणाऱ्याला जे समजायचे ते समजते. आपण न्याय द्यायला बसू नये आणि माफी मागायलाही बसू नये.

याची उलट बाजूही आहे. कागदांमुळे कधी कधी विनाकारण वागवलेले ओझे उतरते. २० तारखेच्या रात्री पलंग मिळवायला आपण फार थोडे फोन केले, असे चुलतभावाला वाटत असे. त्याच्या फोनच्या बिलाच्या तपशिलात त्या रात्री नऊ ते दीडच्या दरम्यान चौसष्ट फोन आहेत. तो आकडा त्याने स्वतः दोनदा मोजला.

दुसऱ्यांना विचारताना

कागद जिथे गप्प असतात तिथे माणसांना विचारावे लागते. ‘त्या वेळी तुला काय वाटत होते?’ असा प्रश्न कोणालाही विचारू नये; त्याचे उत्तर साचेबद्ध येते. त्यापेक्षा वस्तूबद्दल विचारावे. मावशीला पुराबद्दल विचारले तर ती ‘देवाची कृपा, जीव वाचला’ एवढेच म्हणते, पण ‘माडीवर नेताना खालून काय काय उचललेस?’ असे विचारल्यावर तिने न थांबता सांगितले: देव्हारा, सातबाराची पिशवी, आजीचे ताम्हन, आणि अर्धा डबा तांदूळ, शिवणयंत्र उचलेना म्हणून त्याची फक्त सुईची पेटी. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त विचारू नये आणि तिन्हीसांजेला तर विचारूच नये. वयस्कर माणसांपुढे वही उघडी धरून बसल्यास ती सावध बोलतात, म्हणून ऐकून घ्यावे आणि घरी येऊन लगेच लिहावे. ‘ते लिहू नकोस’ असे कोणी म्हणाले तर लिहू नये. ती जागा कोरी सोडून फक्त तारीख टाकावी.

भाषेबद्दल एकच सूचना. विशेषणे जमतील तितकी टाळावीत. ‘भीषण’, ‘हृदयद्रावक’, ‘काळाचा घाला’ हे शब्द वर्तमानपत्रांनी त्या वर्षी इतके वापरले की त्यांच्यात आता काही शिल्लक नाही. दुसऱ्या बाजूला सरकारी शब्दांपासूनही जपावे. ‘रुग्णास दाखल करण्यात आले’ असे काकांबद्दल लिहिलेले वाक्य मला नंतर वाचवेना. काकांना रिक्षातून नेले, पुढच्या सीटवर चुलतभाऊ होता, मागे मी होतो, आणि काकांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. तेवढे पुरे झाले.

कोठे थांबावे

वर्ष ३१ डिसेंबरला संपते हे खरे, पण कठीण वर्ष तसे संपत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेल्या एसटीच्या संपामुळे काकूंना दिवाळीत माहेरी जाता आले नाही, आणि तो संप पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. वर्षश्राद्धही तेव्हाच आले. मी वही तिथे थांबवली. ज्यांच्याकडे अशी नैसर्गिक हद्द नसेल त्यांनी पुढच्या वर्षीचा तोच सण ही हद्द मानावी आणि त्यापुढे जाऊ नये, नाहीतर नोंद संपत नाही आणि अपुरी वही कोणी उघडत नाही.

लिहून झाल्यावर वहीची एक छायाप्रत काढून दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी ठेवावी. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात २००५ च्या आणि २०२१ च्या अशा दोन्ही पुरांचे पाणी शिरले, तिथे आपल्या फडताळाचे काय! मावशीने आमची प्रत माडीवर ठेवली आहे.

मूळ वही घरात सर्वांच्या हाताला येईल अशी असावी, आणि प्रत्येक जोडपानाच्या तळाशी चार ओळी कोऱ्या सोडाव्यात, म्हणजे इतरांना आपली दुरुस्ती तिथे लिहिता येते. आपल्या मजकुरात त्यांनी खाडाखोड करू नये आणि आपण त्यांच्यात करू नये, एवढे आधी ठरवून घ्यावे. आमच्या वहीत चुलतभावाने काही लिहिलेले नाही. काकूंनी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याखाली, त्यांच्या दुधाच्या हिशेबाच्या अक्षरात, एक ओळ लिहिली आहे: ‘डबा २०३ मधून नव्हे, ३०२ मधून येत असे. २०३ च्या बाई फक्त रविवारी देत, आणि त्यात नेहमी गोड असे.’